पुढचा भाग कधी?

सतराव्या प्रकरणात नायक पावसात चिंब भिजून नायिकेच्या दारात उभा राहतो. बेल वाजवतो. आणि तिने दार उघडायच्या आत, त्याच परिच्छेदाला चिकटून एक भलतीच ओळ येते. 'हा प्रसंग मी अधिक भावुक करून दिला आहे. नायकाची असुरक्षितता आणखी ठळक करू का?' मी लाल पेन हातात धरून तशीच बसले. इतक्या वर्षांच्या मुद्रितशोधनात प्रुफांमध्ये काय काय सापडलंय! डीटीपीवाल्या मुलाने मजकुरातच टाइप करून ठेवलेली कुणाची तरी उधारी, एकाच नायिकेची दोन माहेरं, आठव्या प्रकरणात वारलेला सासरा विसाव्यात चहा मागताना. पण ती सगळी माणसांची गडबड होती. हा आवाज ना नायकाचा, ना नायिकेचा, ना लेखिकेचा. कुणीतरी उंबऱ्याबाहेर अदबीने उभं राहून विचारत होतं, आणखी करू का?

प्रकाशकांना फोन केला. "उडवून टाका ना ती ओळ," ते म्हणाले. "आजकाल सगळेच एआयकडून लिहून घेतात." त्यांच्या मागे अप्पा बळवंत चौकातले हॉर्न ऐकू येत होते आणि कुणीतरी मोठ्याने दहावीची गाइडं मोजत होतं. त्यांचं चूक नव्हतं. मला पानाप्रमाणे पैसे मिळतात, नीतीप्रमाणे नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, राहिलेला शब्द काकपद घालून वर चढवायचा आणि जे पानाचं नाही ते पानावरून काढायचं, एवढंच माझं काम. तरी मी ती ओळ खोडली नाही. तिच्याभोवती गोल केला, समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. रात्री खटकत राहिलं ते मात्र वेगळंच. तो प्रश्न चांगला होता! सतराव्या प्रकरणापर्यंत त्या नायकाला कशाचीही कमी नव्हती. बाणेरला फ्लॅट, लांबलचक गाडी, आईविना गेलेलं बालपण एका वाक्यात उरकलेलं. हा माणूस कशाला घाबरतो, हे कुठेच नव्हतं. मी समासात लिहिणारच होते, 'हा दारात नक्की का उभा आहे?' आणि माझ्या आधी कुणीतरी तेच विचारून गेलं होतं.

माझ्यापेक्षा गोड शब्दांत, हे आणखी वर.

या पुस्तकांशी माझं नातं कामापुरतं नाही. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आत्या प्रेमकथा वाचायची, त्या नेहमी वर्तमानपत्राचं कव्हर घालून. कव्हर पुस्तक जपायला नव्हतं, ते मला फार उशिरा कळलं. मुखपृष्ठावरच्या त्या वाऱ्यावर पदर उडणाऱ्या बाईला आजोबांच्या नजरेआड ठेवायला होतं. पुस्तकं यायची गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातून. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक कादंबरी आणि एक मासिक. तिथे डिंकाचा, जुन्या पुठ्ठ्याचा आणि मालकांच्या तपकिरीचा मिळून एक वास असायचा. मालक पुस्तक पुढे सरकवताना आवाज खाली आणून सांगायचे, "नवीन आलंय. रडवतं." आत्या वाचून झालं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीकसं तुळशीचं पान काढायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून परत यायला नको. तिच्या पानाशेजारी आणखी कितीतरी खुणा असत. कुणाचं स्वस्तिक, कुणाचा गोलातला 'सु', कुणाचे तीन ठिपके. समासांत तर अख्ख्या पेठेचा संसार. 'शेवट आधी वाचू नका.' 'पान ८४ पाहा.' एका पानावर निळ्या शाईत 'नायक मूर्ख आहे' असं होतं आणि त्याखाली, बहुधा कित्येक वर्षांनी, काळ्या शाईत कुणीतरी लिहिलं होतं, 'सगळेच असतात.'

काका तिला चिडवायचा, की या सगळ्या पुस्तकांत तेच तर असतं. भेट, गैरसमज, ताटातूट, लग्न. आत्या म्हणायची, "वरणही रोज तेच असतं. उपाशी राहतोस का?"

म्हणून 'यंत्र साच्यातून गोष्टी पाडतं' हा आक्षेप ऐकला की मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. साचा तर आमच्या घरचाच आहे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची रीतसर मांडणी केली. सुरुवात कशी करावी, गुंतागुंत कशी वाढवावी, उत्कंठा कुठे ताणावी. तंत्र हा शब्द त्यांच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे लोक इतका वापरत, की त्यावर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. टेनिस खेळणाऱ्या त्या देखण्या नायकांची टवाळी करणारे प्राध्यापक आणि उशीखाली तीच कादंबरी ठेवणाऱ्या त्यांच्या बायका, दोन्ही याच शहरात नांदले. कुणी तरी ही गोष्ट बेतून, जुळवून, मोजून-मापून लिहिली आहे, याचं वाचणारीला कधी वैषम्य वाटलं नाही. साच्यात काय भरलंय एवढंच ती बघायची.

आणि काय भरलंय ते प्रूफ तपासणाऱ्या बाईला जरा जास्तच दिसतं. लेखक मला त्यांच्या शैलीपेक्षा त्यांच्या खोडींवरून ओळखू येतात. एका बाईंच्या नायिकेचे हात कायम ओले असत. दार उघडताना ओले, पत्र घेताना ओले, त्याने हात धरला तरी ओलेच. कधीतरी विचारलं तर म्हणाल्या, मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच लिहिते हो, एका हाताने. दुसऱ्या एकांचं प्रत्येक भांडण जिन्यात व्हायचं. त्यांच्या लहानपणी घरात खोली एकच होती. असल्या गोष्टी मी दुरुस्त करत नाही. त्या सतराव्या प्रकरणाच्या पुढेमागे मात्र असं काहीच सापडेना. वेलांट्या बऱ्याच जागच्या जागी, विरामचिन्हं शहाण्यासारखी. नायक पानोपानी जबडा आवळत होता. आमच्या नायकांनी आयुष्यात जबडा आवळला नाही. ते फार तर सिगारेट पेटवायचे किंवा खिडकीतून पर्वतीकडे बघत राहायचे. लॉ कॉलेज रस्त्यावर ऑक्टोबरात पानगळ चालू होती. पुण्यात ऑक्टोबरात डोकं तापतं. पानं गळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा आमच्या समोरचा पिंपळ आठवडाभर नागडा उभा असतो आणि मग तांबूस पालवीने एकदम लाजतो. ते मी महिना बदलून दुरुस्त केलं. पण एक गोष्ट दुरुस्त करता येण्याजोगी नव्हती. त्या कादंबरीतल्या पुण्यात कुणीच कुणाला बघत नव्हतं. ती दोघं भर संध्याकाळी हातात हात घालून सोसायटीत शिरतात आणि एकही गॅलरी खोकत नाही! ज्या गावात पोरी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळून झेड ब्रिजवर गाडीला टेकून बसतात, जिथे हनुमान टेकडीवर प्रेम करायला गेलेल्यांना हमखास शाळेतले सर भेटतात, तिथे हे असं निर्धास्त प्रेम कुणाचं?

लेखिकेला प्रकाशकांनी बहुधा काही सांगितलं असावं, कारण तिचा स्वतःहून फोन आला. मग एका शनिवारी चिंचवडहून मेट्रोने मंडईला उतरून ती घरीच आली. चाळिशीची असेल. भोसरीत एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नोकरी. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात मंडईतून घेतलेली मेथीची जुडी, आणि बसल्या बसल्या तिने पहिलं काम काय केलं असेल तर वर्तमानपत्र मागून मेथी निवडायला घेतली. ती ओशाळलेली असेल अशी माझी अटकळ होती. ती अजिबात ओशाळलेली नव्हती. "राहिली का ती ओळ? मी तर सगळ्या काढल्या होत्या," एवढंच म्हणाली आणि देठ मोडत राहिली.

लॉकडाउनमध्ये तिने एका अ‍ॅपवर लिहायला सुरुवात केली. टोपणनावाने, कारण सासरे रोज सकाळी मोबाइलवर काय काय वाचतात याचा भरवसा नाही आणि ऑफिसातल्या पुरुषांना कळलं असतं तर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं असतं. रोज एक भाग. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, मुलाच्या क्लासबाहेर गाडीवर बसून, रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात. वाचक वाढत गेले. भागाखाली 'खूप छान ताई' असायचं, 'आज भाग छोटा होता' असायचं, आणि सगळ्यांत जास्त असायचं ते 'पुढचा भाग कधी?' दोन दिवस चुकले की वाचक दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत जाऊन बसतात, आणि परत येतीलच असं नाही. मग सासूबाईंचं हाड मोडलं. घर, दवाखाना, मार्चएंड. "ताई, नायक पावसात उभा होता आणि मला त्याला आत घ्यायला वेळ नव्हता." तेव्हा तिने एआयला गोष्ट सांगितली, पुढे काय होणार ते सांगितलं आणि भाग मागितला. तो मिळाला. अर्ध्या मिनिटात. तिने नावं तपासली, दोन-चार शब्द आपले घातले आणि टाकून दिला.

"कुणाला कळलं?"

"कुणालाही नाही. उलट कमेंट वाढल्या."

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. मग म्हणाली, पहिले काही दिवस तर सुटल्यासारखं वाटलं. पण एका भागाखाली एक बाई लिहून गेली, 'ताई, आज तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. माझ्या नवऱ्यालाही असं कधी बोलता आलं नाही.' ती बाई कोण, कुठली, काही माहिती नाही. "तिला उत्तर काय देऊ? थँक्यू म्हणू? मी तर तेव्हा एक्स-रेच्या रांगेत होते." त्या रात्री तिने पुढचा भाग सगळा स्वतः लिहिला. पहाटे तीनपर्यंत. सकाळी पहिली कमेंट आली, 'आजचा भाग नेहमीसारखा जमला नाही.' हे सांगताना ती इतकी हसली की मेथी सांडली. मीही हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे.

जाता जाता तिने विचारलं, "तुम्ही एवढी वाक्यं सरळ करता लोकांची. पुस्तकावर तुमचं नाव असतं का?" प्रेमकथांवर नसतं, मी म्हटलं. "मग माझ्या पुस्तकात तुम्ही आहात हे वाचकाला कुठे माहिती असतं?" तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. नाव का नसतं याचं कारण माझ्याकडे होतं, पण ते मी तेव्हा सांगितलं नाही. सांडलेली पानं उचलून दिली.

माझी भाची या बाबतीत फार कडक आहे. ती इंग्रजी रोमान्स वाचते, किंडलवर, आठवड्याला दोन-तीन, आणि त्यांचे प्रकार भाजीसारखे नावानिशी मागते. आधी वैर मग प्रेम, लग्नाचं नाटक, एकच पलंग. दिवसभर बाणेरच्या ऑफिसात तिचं काम याच यंत्रांशी असतं आणि तिच्या सगळ्या ईमेल तेच लिहितं. पण मुखपृष्ठावरच्या नायकाचं बोट जरी वाकडं दिसलं तरी ती ते पुस्तक घेत नाही. तिच्याकडून कळलं की माझ्या हातात आलेली ती ओळ काही जगावेगळी नव्हती. २०२५ मध्ये एका इंग्रजी रोमान्स कादंबरीत असंच छापून गेलं होतं, आणि त्यात तर दुसऱ्या एका खऱ्या लेखिकेच्या शैलीला जुळेल असा उतारा करून दिल्याचं लिहिलेलं होतं. वाचक असे पेटले की एका ताऱ्याच्या परीक्षणांचा पाऊस पडला. अ‍ॅमेझॉनने आपल्याकडे स्वतःच पुस्तक प्रकाशित करणाऱ्यांसाठी २०२३ च्या सप्टेंबरातच नियम केला होता. मजकूर एआयकडून घेतला असेल तर लेखकाने तसं कंपनीला कळवायचं, आणि एका माणसाने दिवसाला जास्तीत जास्त तीन नवीन पुस्तकं टाकायची. दिवसाला तीन! मी तो आकडा दोनदा विचारून घेतला. आणि कंपनीला कळवलेलं वाचकाला मात्र दिसत नाही. भाचीचा राग तिथे आहे. "मावशी, डब्यावर पामतेल लिहावं लागतं ना? मग इथे का नाही?" पण याच २०२५ मध्ये बुकबब या वाचकांना पुस्तकं सुचवणाऱ्या संकेतस्थळाने बाराशेहून जास्त लेखकांना विचारलं, तेव्हा सुमारे ४५ टक्के लेखकांनी आपण एआयची काही ना काही मदत घेत असल्याचं सांगितलं आणि त्याहून थोड्या जास्त लोकांनी आपण घेत नाही आणि घेणारही नाही असं सांगितलं. म्हणजे तिच्या किंडलमधल्या लाडक्या बायकांपैकी किती कुठल्या बाजूला, हे तिला तरी कुठे माहिती आहे? हे मी बोलून दाखवल्यावर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

तिनेच सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. २०१५ मध्ये संशोधकांनी यंत्राला भाषा शिकवण्यासाठी अकरा हजार पुस्तकांचा एक साठा केला. इंटरनेटवर नवख्या लेखकांनी फुकट वाचायला ठेवलेली पुस्तकं होती ती. बुककॉर्पस त्याचं नाव. त्यातला सगळ्यांत मोठा ढीग कशाचा? रोमान्सचा, २,८६५ पुस्तकं. विज्ञानकथा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याही नव्हत्या. पुढच्याच वर्षी गूगलने आपल्या यंत्राचं बोलणं जरा माणसासारखं व्हावं म्हणून त्याला प्रेमकादंबऱ्या वाचायला घातल्याची बातमी आली, आणि २०१८ मध्ये आलेलं पहिलं जीपीटी, म्हणजे आजच्या चॅटजीपीटीचं पूर्वज, याच साठ्यावर शिकलेलं होतं. म्हणजे कुठल्यातरी परक्या गावात, पांघरुणात, मुलं झोपल्यावर लिहिणाऱ्या बायकांकडून हे यंत्र वाक्य बोलायला शिकलं. एक पैसा न देता. जबडा आवळणंही त्यांच्याकडूनच उचललं असणार. आणि आता ते चिंचवडच्या एका बाईला पावसातला नायक लिहून देतंय, तिच्याकडे वेळ नाही म्हणून. मला यात चोरी दिसते आणि एक विचित्र बहिणाबहिणींची मदतही दिसते, आणि दोन्हींपैकी एकच निवडा म्हटलं तर मला निवडता येत नाही. पुढे पुस्तकांच्या चोरीच्या प्रतींवरून अँथ्रॉपिक या एआय कंपनीवर लेखकांनी दावा लावला आणि २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरवर तडजोड झाली. पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. पण अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात मुदतीत नोंदलेली पुस्तकंच त्यात धरली. हे मी लेखिकेला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमची नोंद तर रेशन कार्डावर पण चुकीची आहे."

फ्रान्समधल्या अनुवादकांच्या संघटनांनीही आवाज उठवला, की हार्लेक्विन या प्रकाशनाच्या प्रेमकथांचं भाषांतर आता यंत्राकडे जाणार आणि माणसांना त्यावर फक्त हात फिरवायचं काम उरणार. फक्त हात फिरवायचं काम म्हणजे माझंच काम. वाचून जरा लागलं.

मग मला कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांची आठवण झाली. आत्याच्या कव्हरांखाली ते बऱ्याचदा असत. त्यांची 'शामा' ही कथा १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. खालच्या कोर्टात ते सुटले. उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला, न भरल्यास आठवडाभर कैद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये तिथे ते निर्दोष ठरले. एका दिवाळी अंकातल्या प्रेमकथेसाठी, तीही २५ रुपयांच्या दंडावर, एक माणूस दिल्लीपर्यंत भांडला. मला त्या कथेच्या दर्जाबद्दल काही म्हणायचं नाही. पण ती आपण लिहिली हे त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रेमकथेत तेवढी एक जोखीम कायम असते. वाचणारी कव्हर घालते, लिहिणारी टोपणनाव घेते, पण दोघींनाही माहिती असतं की पलीकडे कुणीतरी आहे आणि तिलाही उघडं पडायची भीती आहे. आत्या ज्या पानावर रडायची, त्या पानापाशी लिहिणारीचाही हात थरथरला असेल अशी तिची खात्री होती. असेल किंवा नसेलही. मानधनाच्या घाईत भराभर खरडलेलं असेल. तरी ती खात्री तिच्या वाचनाचा अर्धा भाग होती.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी हे सगळं सांगून बघितलं. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही दिवस मी वाचून दाखवत होते, त्यात हे प्रकरणही वाचलं. त्यांना ते आवडलं. पावसात उभा असलेला तो दांडगा त्यांना चांगलाच आवडला. मग मी सांगितलं की हे माणसाने लिहिलेलं नाही. मला वाटलं होतं त्या चिडतील किंवा 'कलियुग' म्हणतील. त्यांनी हिरव्या पट्टीखालून बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग पत्र कुणाला टाकायचं?" तरुणपणी त्यांनी एका लेखिकेला पत्र पाठवलं होतं, की तुम्ही शेवटी तिला मारायला नको होतं. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं होतं. 'मलाही ती हवी होती. पण संपादकांना शोकान्त हवा होता.' ते कार्ड अजून त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे, हळदीकुंकवाने डागाळलेलं. मी म्हटलं, यंत्रालाही पत्र लिहिता येतं काकू, आणि ते उत्तर लगेच देतं, तुमच्या पोस्टमनपेक्षा लवकर. "हो, पण त्याला ती हवी होती का?" असं म्हणून त्यांनी मला पुढचं प्रकरण वाचायला लावलं. त्यांना पुढचं हवंच होतं, हेही सांगितलं पाहिजे.

लेखिकेने सतरावं प्रकरण परत लिहिलं. तिने यंत्राच्या त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं होतं. आता नायक भिजून दारात उभा आहे, बेलवर बोट आहे, पण तो ती दाबत नाही, कारण शेजारच्या दाराच्या काचेतून कुणीतरी बघतंय आणि ती बाई आपल्या आईच्या भिशीत आहे हे त्याला माहिती आहे. आईविना वाढलेल्या पोराला आई कुठून आली ते मला समासात विचारावं लागलं. तिने पहिल्या प्रकरणातली मेलेली आई जिवंत केली. बाकीची कुठली प्रकरणं तिची आणि कुठली यंत्राची, ते मी विचारलं नाही. काही ओळखू आली. काहींबद्दल मी पैज लावणार नाही.

मग प्रश्न आला श्रेयपानाचा. मी सुचवलं की 'काही भागांच्या लेखनासाठी एआयची मदत घेतली आहे' असं छापावं. प्रकाशक म्हणाले, खप बसेल. लेखिका म्हणाली, छापा. मला वाटलं नव्हतं ती इतक्या पटकन हो म्हणेल. तेव्हा प्रकाशकांनी त्यावर तोडगा काढला, की एवढं खरं सांगतोच आहोत तर बाईंचं खरं नावही टाकू, मलपृष्ठावर फोटो टाकू, वाचकांना जरा बरं वाटेल. त्यावर मात्र ती ठाम नाही म्हणाली. सासरे, ऑफिस, मुलाच्या शाळेतल्या आया. तेव्हा असं ठरलं की यंत्राचा उल्लेख उघड, आणि लेखिका टोपणनावातच.

"आणि मुद्रितशोधन? तुमचं नाव टाकू का या वेळी?" प्रकाशकांनी गमतीने विचारलं. मी प्रेमकथांवर माझं नाव कधीच घालू दिलेलं नाही. माझ्याकडे प्रबंध येतात, संतवाङ्मयाच्या चिकित्सक आवृत्त्या येतात. ते प्राध्यापक मंडळी अशी पुस्तकं उघडून बघत नाहीत, पण श्रेयपान बघतात. कव्हर घालायची ही रीत मी आत्याकडूनच उचलली होती.

टाका, म्हटलं. आणि ते पान मला दाखवल्याशिवाय प्लेट करू नका. माझ्या नावातली वेलांटी तुमचा मुलगा नेहमी चुकवतो.